पंधरा वर्षांच्या स्विफ्टचे ब्रेक आणि आरसीचे नूतनीकरण : काय केले, किती खर्च आला

आमची स्विफ्ट एलएक्सआय पेट्रोलवरची, फेब्रुवारी २०१० मध्ये पासिंग झालेली. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते, त्यामुळे आरसीवरची मुदत १७ फेब्रुवारी २०२५ ला संपणार होती. गाडी मूळची सासऱ्यांची. चौऱ्याहत्तरीनंतर त्यांनी स्टिअरिंग सोडायचे ठरवले आणि २०२४ च्या गणपतीनंतर किल्ली माझ्या हातात दिली. सोबत एक दोनशेपानी वही दिली, तिच्यात गाडीवर केलेला प्रत्येक खर्च तारखेसह लिहिलेला. पुढच्या चार महिन्यांत त्या वहीचा जेवढा उपयोग झाला तेवढा कुणाच्या सल्ल्याचा झाला नाही.

मी साताऱ्यात शिक्षिका आहे. नवरा आठवडाभर पुण्याला असतो. त्यामुळे गॅरेज, पार्टचे दुकान, आरटीओ हे सगळे माझ्याकडेच होते. गाडी चालवायला मला येते, पण बॉनेटखालचे फारसे काही कळत नव्हते. असा प्रसंग आलेल्या दुसऱ्या कुणाला थोडे सोपे जावे म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

ब्रेकचा प्रश्न भाऊबीजेला समोर आला, ३ नोव्हेंबरला. माहेर महाडला. मेढा, केळघर करत महाबळेश्वर गाठायचे आणि मग आंबेनळी घाटाने पोलादपूरला उतरायचे, हा आमचा नेहमीचा रस्ता. गाडीत आम्ही चौघे, मागे सामान. कुंभरोशी मागे पडली आणि पुढच्या काही वळणांत ब्रेकचे पेडल मऊ लागायला लागले. आधी अर्ध्यावर थांबणारा पाय आता पाऊण खाली जात होता. दुसरा गिअर टाकला, वेग पायी चालण्याइतका आणला आणि पहिली रुंद जागा दिसली तिथे गाडी डोंगराच्या बाजूला घेतली. पहिला गिअर टाकून चाकाखाली दगड लावला. पुढच्या चाकांशी जळका वास होता आणि हात जवळ नेला तरी धग लागत होती. तापलेल्या डिस्कवर (चाकाबरोबर फिरणारी ब्रेकची चकती) पाणी ओतू नये, ती वाकते. थांबणे एवढाच उपाय. पाऊण तासाने पेडल बरेचसे पूर्ववत झाले आणि उरलेला घाट पहिल्या-दुसऱ्या गिअरवर उतरलो. मुले मागे गप्प बसून होती. मला घाम फुटला होता.

त्या दिवशी एक गोष्ट शिकले, ती आधी सांगते, कारण मेस्त्रीकडे गेल्यावर तीच नीट सांगता यायला हवी. घाटात ब्रेक दोन तऱ्हेने दगा देतात. एकात पेडल घट्टच असते, पण कितीही दाबले तरी गाडी पुरेशी थांबत नाही. तिथे डिस्कला दोन्ही बाजूंनी दाबणारे पॅड प्रमाणाबाहेर तापून त्यांची पकड गेलेली असते. दुसऱ्यात पेडल मऊ होत खाली जाते. तिथे ब्रेक ऑइल उकळलेले असते. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषून घेते. ओल मुरली की त्याचा उत्कलनबिंदू खाली येतो. नव्या 'डॉट ३' प्रतीच्या ब्रेक ऑइलचा तो किमान २०५ अंश असावा लागतो, पाणी मुरलेल्याचा १४० पर्यंत चालतो, म्हणजे मधला फरक ६५ अंशांचा. उकळलेल्या ऑइलमध्ये वाफेचे बुडबुडे होतात, वाफ दाबली जाते, आणि आपला पाय बुडबुडे दाबण्यातच खर्ची पडतो. आमचे दुखणे हे दुसरे होते.

घरी येऊन वही उघडली. ब्रेक ऑइल शेवटचे बदललेले जून २०१७ मध्ये. सात वर्षे. साधारण दर दोन वर्षांनी ते बदलावे असे म्हणतात. उतार केवढा ते एकदा कागदावर मांडून पाहिले. महाबळेश्वर ते पोलादपूर उंचीचा फरक बाराशे मीटरहून जास्त. माणसे-सामान धरून आमची गाडी साडेतेराशे किलोच्या आसपास. हा सगळा उतार फक्त ब्रेकवर उतरलो तर जी उष्णता तयार होईल, तिच्यात जवळजवळ पन्नास लिटर गार पाणी उकळी फुटेपर्यंत तापेल. प्रत्यक्षात त्यातला वाटा इंजिन आणि वाराही उचलतात, पण खालचा गिअर ठेवला तरच. 'ज्या गिअरने चढायचे त्याच गिअरने उतरायचे' असे बाबा, म्हणजे सासरे, पहिल्यापासून सांगत आले आहेत. त्यामागचा हिशोब त्या दिवशी उमगला.

पुढच्या आठवड्यात घरच्या घरी होतील त्या तपासण्या केल्या. यांना पैसे लागत नाहीत. इंजिन बंद ठेवून पेडल पाच-सहा वेळा दाबायचे. ते कडक झाले की दाबून धरायचे आणि गाडी चालू करायची. पाय थोडा खाली गेला तर बुस्टर (पायाची ताकद वाढवणारा भाग) ठीक. आमचा ठीक होता. मग इंजिन चालू असताना पेडल मिनिटभर एकसारखे दाबून धरायचे. ते हळूहळू खाली सरकत राहिले तर मास्टर सिलिंडर (पेडल दाबले की ऑइल चाकांकडे ढकलणारा पंप) आतून गळतो. आमचे सरकले नाही. हँडब्रेक मात्र नऊ-दहा खटके वर येत होता, म्हणजे मागच्या ड्रममध्ये (मागच्या चाकांच्या ब्रेकचा गोल डबा) काहीतरी ढिले होते. सपाट रस्त्यावर बेताच्या वेगात ब्रेक दाबला की गाडी डावीकडे ओढत होती. हे सगळे तारखेसह वहीत लिहिले. मेस्त्रीला नुसते 'ब्रेक लागत नाहीत' म्हटले की सगळेच बदलायचे निघते. 'गार असताना पेडल चांगले, तापल्यावर मऊ, डावीकडे ओढते, हँडब्रेक वर येतो' असे सांगितले की माणूस नेमके तिथेच बघतो.

आजची स्थिती आकड्यात धरून ठेवावी असे मला वाटत होते. १० नोव्हेंबरच्या रविवारी सकाळी साडेसहाला आम्ही दोघे एका नव्या प्लॉटिंगमधल्या डांबरी रस्त्यावर गेलो. तिथे अजून घरे नाहीत आणि दोन्ही टोकांचे लांबपर्यंत दिसते. शाळेतली मैदान आखायची फक्की आणि तीस मीटरची फीत नेली होती. रस्त्यावर आडवी रेघ मारली. ताशी ४० चा वेग धरून रेघेवर ब्रेक दाबायचा आणि गाडी थांबेल तिथपर्यंत मोजायचे. काही वेळा करून सरासरी काढली, ती साडेतेरा मीटर आली. दर वेळी गाडीचे तोंड डावीकडे वळलेले. असे कुणी करणार असेल तर एक माणूस रस्त्याकडेला लक्ष ठेवायला हवाच, आणि वाहता रस्ता मुळीच नको.

मग दर विचारायला सुरुवात केली. एका मोठ्या वर्कशॉपने गाडी न उघडता अंदाज दिला ३१,००० रुपये. त्यात नव्या डिस्क, दोन्ही कॅलिपर (पॅड डिस्कवर दाबणारे चिमटे) अख्खे, बुस्टर आणि मास्टर सिलिंडर धरलेले. दुसरीकडे एकाने मोठ्या डिस्क आणि महागडे 'परफॉर्मन्स' पॅड सुचवले. नुसते पॅडच साडेचार हजारांचे. मी दोन्ही नाकारले, आणि त्यामागची कारणे लिहिणे मला गरजेचे वाटते.

गाडी शेवटी थांबते ती टायर आणि रस्ता यांच्यातल्या पकडीवर. ब्रेकमध्ये चाक जखडण्याइतकी ताकद असेल, तर त्याहून जास्त ताकद एका थांबण्यात काही कामाची नाही. मोठी डिस्क उष्णता जास्त सोसते. शर्यतीत किंवा सतत घाटात तिचा फायदा आहे, पण शाळेच्या फाटकाजवळ अचानक पोर आडवे आले तर ती गाडी अलीकडे थांबवत नाही. शर्यतीच्या धाटणीचे पॅड तर तापल्यावरच नीट धरतात, आणि माझा रोजचा प्रवास चार किलोमीटरचा. शिवाय मूळ बनावटीत फरक पाडणाऱ्या बदलांवर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ चा निर्बंध आहे, आणि तीन महिन्यांत हीच गाडी मला तपासणीला न्यायची होती. म्हणून ठरवले की कंपनीने दिलेले ब्रेक जसे होते तसे परत आणायचे, त्यात कसर ठेवायची नाही, आणि उरलेले पैसे टायरवर घालायचे.

बाबांच्या जुन्या ओळखीचे एक मेस्त्री पोवई नाक्यापासून थोडे पुढे बसतात. त्यांना फोन करून सांगितले, "मेस्त्री, गाडी उघडाल तेव्हा मी समोर असणार आहे." ते म्हणाले, "या की ताई, तुमचीच गाडी आहे. शनिवारी दुपारी या, गर्दी नसते."

१६ नोव्हेंबरला गाडी जॅकवर घेतली. आधी त्यांनी ब्रेक ऑइलच्या डबीत पेनसारखा टेस्टर बुडवला. लाल दिवा लागला, म्हणजे ऑइलमध्ये ओल फार मुरलेली. पुढचे डावे चाक काढले, तिथे दोन्ही पॅड सारखेच झिजलेले. मग उजवे काढले. त्यांनी दोन पॅड माझ्या तळहातावर ठेवले. बाहेरच्या बाजूच्या पॅडचा मसाला (डिस्कला घासणारा थर) चांगला सात मिलिमीटर, आतल्या बाजूचा जेमतेम तीन. "हे बघा. कॅलिपर ज्या पिनांवर सरकतो त्या आत धरल्यात. पिस्टन आतला पॅड दाबतोय, बाहेरचा नुसता बसून आहे." पिना पान्याने फिरवून काढाव्या लागल्या. त्यांवर जुने ग्रीस वाळून काळी खपली झाली होती. उजवे चाक निम्म्याच ताकदीने धरत होते म्हणून गाडी डावीकडे ओढत होती. नवा कॅलिपर नको होता. हव्या होत्या पिना, त्यांचे रबर आणि सिलिकॉन ग्रीस. तिथे साधे ग्रीस लावू नका, रबर फुगते, हे त्यांनी मला दोनदा सांगितले.

मागचे ड्रम हातोडीने ठोकून सैल करावे लागले. आत काळ्या भुग्याचा थर. तो हवेच्या पाइपने उडवायचा नाही, श्वासात जातो. साबणाच्या पाण्याने धुवायचा. तुमच्या गॅरेजमध्ये पाइप हातात घेतला तर निःसंकोच थांबवा. डाव्या ड्रममध्ये व्हील सिलिंडरची (चाकापाशी ब्रेक दाबणारा छोटा सिलिंडर) रबरी टोपी मागे सरकवल्यावर ओल दिसली. ब्रेक ऑइल झिरपून लायनरच्या (ड्रमला आतून घासणारा थर) कडेला काळपट तेलकट पट्टा उमटला होता. तेल प्यालेला लायनर घासून चालत नाही, बदलावाच लागतो, आणि एका बाजूचा बदलला की दुसऱ्या बाजूचाही बदलायचा, नाहीतर मागचे एकच चाक जास्त धरते.

डिस्क बदलायच्या का, यावर आम्ही बराच वेळ बोललो. प्रत्येक डिस्कवर किमान जाडी कोरलेली असते. गंज घासून तो आकडा वाचला आणि एमआयडीसीतल्या लेथवाल्याकडे व्हर्निअर लावून मोजले. दोन्ही डिस्कना फेसिंग मारूनही (लेथवर घासून सपाट करूनही) जाडी किमान आकड्याच्या वर राहत होती, म्हणून नव्या घेतल्या नाहीत. फेसिंगचे दोन्हींचे मिळून ७००. जाडी कमी भरली असती तर मात्र मी हजार-दीड हजाराकडे पाहिले नसते.

पार्ट मी स्वतः जाऊन आणले. मेस्त्रींनी चिठ्ठी लिहून दिली होती, शिवाय आरसीची झेरॉक्स आणि जुना पॅड सोबत ठेवला होता. स्विफ्टचे पेट्रोल-डिझेल आणि वर्षावार प्रकार आहेत, दुकानदार चेसिस नंबरवरून खात्री करतो. पुढचे पॅड १,४५०, मागचे लायनर ९८०, दोन व्हील सिलिंडर ९००, कॅलिपरच्या पिना-रबर किट ५६०, डॉट ४ ब्रेक ऑइल एक लिटर ४८०. पुढच्या चाकांकडे जाणाऱ्या रबरी होजना (ब्रेक ऑइलच्या नळ्या) बारीक तडे होते. पंधरा वर्षांचे रबर दाबाने फुगते आणि पेडल स्पंजासारखे लागते, म्हणून दोन्ही नवे घेतले, ८२० ला. ब्रेकच्या बाबतीत बिलाशिवाय आणि सीलबंद पुड्याशिवाय काही घेऊ नका. बाजारात हुबेहूब छापलेले खोके मिळतात. पॅड-लायनर मी होलोग्राम पाहून मारुतीचे जेन्युइनच घेतले. ऑइलची बाटलीही सीलबंदच हवी, उघडून ठेवलेली बाटली ओल धरते. डबीच्या झाकणावर डॉट ३ लिहिलेले असले तरी डॉट ४ चालते. डॉट ५ मात्र सिलिकॉनचे, वेगळ्याच जातीचे असते. ते या गाड्यांत घालायचे नाही.

व्हील सिलिंडर सोमवारी मिळाले. मंगळवार-बुधवार मी विधानसभा निवडणुकीच्या ड्यूटीवर, आणि २० तारखेला मतदानामुळे गॅरेजही बंद. गाडी २१ नोव्हेंबरला संध्याकाळी जोडून झाली. ऑइल बदलताना मी पेडलवर बसले होते. मेस्त्री खालून "दाबा… धरा… सोडा" म्हणत होते. मास्टर सिलिंडरपासून सर्वांत लांबचे चाक आधी, म्हणजे मागचे डावे. निप्पलला (ऑइल सोडायची चाकाजवळची छोटी तोटी) लावलेल्या पारदर्शक नळीतून आधी कोऱ्या चहासारखे काळपट ऑइल आले, मध्येमध्ये बुडबुडे. मग रंग फिका होत गेला आणि शेवटी मधासारखे स्वच्छ आले, तेव्हाच निप्पल बंद केला. डबीतले तेवढे बदलून 'ऑइल चेंज' म्हणणारेही भेटतात. चारही चाकांच्या निप्पलमधून नवे ऑइल येईपर्यंत काम पूर्ण झाले असे धरू नये. ड्रमचा अॅडजस्टर जुळवल्यावर हँडब्रेक पाचव्या खटक्यावर धरायला लागला. मजुरी १,८००. टायर सोडून ब्रेकचा सगळा खर्च ७,६९० रुपये.

नवे पॅड बसवले की लगेच पूर्ण धरत नाहीत, त्यांना डिस्कवर बसवावे लागते. रविवारी पहाटे मोकळ्या रस्त्यावर ताशी ६० वरून १५-२० पर्यंत मध्यम दाबाने वेग उतरवायचा, पूर्ण थांबायचे नाही, पुन्हा वेग घ्यायचा, मध्ये थोडे अंतर जाऊ द्यायचे. असे आठ-दहा वेळा. मग काही किलोमीटर ब्रेक न वापरता चालवून गार होऊ द्यायचे. तापलेल्या ब्रेकवर पाय दाबून सिग्नलला उभे राहिले तर पॅडचा ठसा डिस्कवर उमटतो आणि पुढे पेडल थरथरते. मेस्त्री म्हणाले होते, "पहिले दोनशे किलोमीटर घाट नको आणि जोरात ब्रेक नको, ताई." तसेच केले.

टायरसाठी पगार होईपर्यंत थांबले. टायरच्या कडेला चार आकडी तारीख असते, पहिले दोन आकडे आठवडा, पुढचे दोन वर्ष. आमच्या पुढच्या जोडीवर २०२१ ची तारीख होती. मागच्यांवर होते २२१६, म्हणजे २०१६ चा बाविसावा आठवडा. नक्षी अजून तीन मिलिमीटर होती, कायद्याच्या १.६ मिलिमीटरपेक्षा बरीच जास्त, पण रबर इतके कडक झाले होते की नख रुतत नव्हते आणि खाचांच्या तळाशी बारीक भेगा होत्या. नक्षी दिसते म्हणून असे टायर लोक वर्षानुवर्षे चालवतात. ओल्या रस्त्यावर कडक रबर धरत नाही. १६५/८० आर १४ मापाचे दोन टायर ८,४०० ला, आणि बॅलन्सिंग-अलाइनमेंटचे ७००.

हे नवे दोन टायर मागे लावा असे मी सांगितले तेव्हा दुकानातला मुलगा म्हणाला, "मॅडम, ओढतात पुढची चाके, नवीन पुढंच टाकतात सगळे." मी मागेच लावून घेतले. ब्रेक दाबल्यावर वजन पुढे झुकते, मागची चाके हलकी होतात. पावसात तीच आधी घसरली तर गाडी गरकन फिरते आणि ती सावरणे माझ्यासारखीच्या हातात राहत नाही. पुढची घसरली तर पाय थोडा सैल सोडून सावरता येते. आमच्या गाडीला एबीएस (जोरात ब्रेक दाबला तरी चाके जखडू न देणारी यंत्रणा) नाही. सगळ्या नव्या गाड्यांना ते सक्तीचे झाले एप्रिल २०१९ पासून. म्हणून ही बाब मला फार महत्त्वाची वाटली.

१५ डिसेंबरला पुन्हा तोच रस्ता, तीच फक्की, तोच ४० चा वेग. सरासरी आली ९ मीटर ८० सेंटिमीटर. गाडी सरळ थांबत होती. हे अंतर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. वेग दीडपट, तर अंतर सव्वादोनपट. त्या हिशोबाने ६० च्या वेगात आधी तीस मीटर लागले असते, आता बावीस. आठ मीटर म्हणजे या स्विफ्टच्या दोन लांब्यांहून जास्त. कागदावर हा आकडा पाहिला तेव्हा मला खूप बरे वाटले.

त्याच सकाळी आणखी एक सराव केला, बिनखर्चाचा. एबीएस नसलेल्या गाडीत घाबरून पेडल जमिनीला टेकवले की चाके जखडतात, गाडी घसरत जाते आणि स्टिअरिंग फिरवूनही वळत नाही. जखडल्याचा आवाज आला की पाय किंचित सोडायचा, चाक फिरू लागले की पुन्हा दाबायचा. सुरुवातीला पाय ऐकत नाही, पूर्ण सुटतो नाहीतर पूर्ण दाबला जातो. हळूहळू तळव्याला अंदाज येतो. ३० च्या वेगावर, मोकळ्या जागी, सोबत कुणी अनुभवी असताना हे प्रत्येकाने करून पाहावे. मी गाडी शिकले तेव्हा हे कुणी शिकवले नव्हते.

आता आरसी. नूतनीकरणाचा अर्ज मुदत संपायच्या आधीच्या साठ दिवसांत करता येतो. नमुना २५. परिवहनच्या संकेतस्थळावर वाहन क्रमांक टाकून, मोबाइलवर ओटीपी घेऊन तो भरता येतो. इथे पहिली अडचण आली. नोंदणीला जोडलेला मोबाइल नंबर सासऱ्यांचा जुना, बंद पडलेला. आधी तो बदलून घ्यावा लागला, त्यात काही दिवस गेले. हे काम आधीच उरकून ठेवा. दुसरे म्हणजे गाडी अजून बाबांच्याच नावावर आहे, त्यामुळे सह्या त्यांच्याच.

विमा चालू होता. पीयूसी नवी काढली, १२५ रुपये. २० जानेवारीला अर्ज भरला. नूतनीकरणाचे शुल्क ५,०००, स्मार्ट कार्डाचे २००. हलक्या मोटारींचे हे शुल्क एप्रिल २०२२ पूर्वी ६०० होते, त्यामुळे जुन्या माहितीवर विसंबून बजेट करू नका. पंधरा वर्षांपुढच्या पेट्रोल मोटारीचा पर्यावरण कर पाच वर्षांसाठी ३,०००. मुदत उलटली तर दर महिन्याला ५०० रुपये विलंबशुल्क लागते. एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाड्यांना उच्च सुरक्षा नंबरपाट्या लावण्याचेही तेव्हाच निघाले होते, त्या ८७९ रुपयांत मागवल्या. बसवायची तारीख दोन आठवड्यांनंतरची मिळाली, ती तपासणीच्या आधीची असेल असे पाहून घेतले.

तपासणी १३ फेब्रुवारीला होती. बाबांना सोबत घेऊन साडेनऊला पोहोचले. रांगेत रिक्षा, टेम्पो, स्कूल व्हॅन आणि मध्ये आमच्यासारख्या दोन-चार खासगी गाड्या. पाण्याची बाटली, मूळ आरसी, विमा, पीयूसी, पावत्या, आधार आणि प्रत्येकाच्या दोन झेरॉक्स सोबत ठेवा. चेसिस नंबरचा पेन्सिलने घेतलेला ठसा अर्जावर लागतो. नंबर कुठे आहे ते मेस्त्रींनी आधीच दाखवले होते आणि त्यावरचा गंज पुसून ठेवला होता, म्हणून ठसा पहिल्या घासण्यात उमटला. शेजारची एक गाडी तेवढ्यासाठीच मागे काढावी लागली. आमचा नंबर साडेबाराला लागला. निरीक्षकांनी चेसिस आणि इंजिन नंबर ताडून पाहिला, दिवे, इंडिकेटर, हॉर्न, वायपर लावायला लावले, टायरवर नजर टाकली. मग मला गाडी थोडी पुढे घेऊन ब्रेक मारायला सांगितला, नंतर हँडब्रेक ओढून गाडी पुढे घ्यायला. गाडी जागची हलली नाही. "पंधरा वर्षांची आहे ना?" त्यांनी बाबांना विचारले. बाबांनी वही पुढे केली. ती त्यांनी दोन-चार पाने चाळून परत दिली आणि सही केली.

पाच वर्षांची मुदत वाढलेली आरसी मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात टपालाने घरी आली. शुल्क, कर, पीयूसी आणि पाट्या धरून कागदोपत्री खर्च ९,२०४. ब्रेक आणि टायरचे १६,७९०.

हातात एवढे पैसे एकदम नसतील तर मी क्रम असा लावेन. आधी ब्रेक ऑइल आणि पिना साफ करून ग्रीस, कारण हे दीड-दोन हजारांत होते आणि यातच निम्मा फरक पडतो. सोबत मागचे ड्रम उघडून पाहणे, ओल दिसली तर ते काम पुढे ढकलता येत नाही. मग टायर, जोडीने. हवेचा दाब तर आजच बघा, चालकाच्या दाराच्या खांबावरच्या पट्टीवर आकडा लिहिलेला असतो. पॅड चार-पाच मिलिमीटर शिल्लक असतील तर ते नंतर बदलले तरी चालतात.

वहीत पुढची नोंद मी केली आहे : मागचे लायनर एप्रिलमध्ये पुन्हा अॅडजस्ट करून घेणे, पुढची टायरची जोडी २०२६ च्या पावसाळ्याआधी, ब्रेक ऑइल नोव्हेंबर २०२६.